डीटीपीच्या कामासाठी डेस्कटॉप स्वतः जुळवायचा आहे, भाग कोणते घेऊ?

पानजुळणी

नमस्कार मंडळी. कराडात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणपती मंडळांच्या स्मरणिका आणि पावसाळा सरता सरता दोन दिवाळी अंक. वडील छपाईचे खिळे जुळवायचे, ट्रेडलवर छापायचे. मी पेजमेकरवर शिकले. आता कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि एक जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर यांच्यावर काम चालतं. त्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावावा लागतो.

गेल्या गुरुवारी दुपारी लाइट दोनदा ये-जा करत राहिली. तिसऱ्यांदा आली तेव्हा एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला तो मदरबोर्डला घेऊनच. मशीन आठ वर्षांचं होतं, सातव्या पिढीचा आय३. हार्ड डिस्क वाचली आहे. ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमच्या पट्ट्या काढून ठेवल्यात.

गावातल्या एका दुकानात तयार मशीन बघितलं. आत एसएमपीएस कुठला आहे विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नाही. म्हणून या वेळी एकेक भाग स्वतः निवडून घ्यायचा असं ठरवलंय. बजेट ५० हजार, त्यात मॉनिटरही हवा. माघ-फाल्गुनातल्या पत्रिका अंगावर आहेत, सध्या भाच्याच्या लॅपटॉपवर कसंबसं रेटतेय.

इंटेल की एएमडी? ग्राफिक्स कार्ड लागेल का? जुनी रॅम चालेल का? मला यातलं थोडं कळतं, सगळं नाही. सविस्तर सांगितलंत तर फार उपकार होतील.

सहा_कोर

ताई, आता नवीन घेताय तर एएमडीचं एएम५ सॉकेटच (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) घ्या. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम. या सॉकेटला २०२७ पर्यंत तरी साथ देणार असं एएमडीने जाहीर केलंय, म्हणजे तीन-चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल. आधीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी हेच केलं. २०१७ च्या बोर्डांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून लोक ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवतायत. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट १४ व्या पिढीशी संपलं, त्यात आता पैसे घालू नका.

न्यूजर्सीकर

मी पुढच्या महिन्यात साताऱ्याला येतोय. रॅम, एसएसडी इकडून आणायची असेल तर सांगा, बॅगेत जागा आहे.

ग्रँटरोडकर

ताई, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बावीस वर्षं मशीनं जुळवली आहेत. त्यातली निम्मी डीटीपीवाल्यांची आणि छापखान्यांची असतील. म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते प्रोसेसरचा आकडा विचारत यायचं. मी त्याला आधी उलटं विचारायचो, की मशीन ऐन सीझनला बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करणार? तुमच्यासारख्याला हाच प्रश्न मोठा आहे. गेम खेळणाऱ्याचं मशीन आठवडाभर बंद राहिलं तर तो हळहळतो. तुमचं राहिलं तर मुहूर्त टळून जातो आणि पत्रिका टेबलावरच राहते. म्हणून प्रत्येक भाग असा घ्या, की तो गेला तर कराडात, नाहीतर निदान कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा मिळेल, आणि आतून सगळं साधं, सर्वत्र चालणाऱ्या मापाचं असेल. काही तयार कंपनी-मशीनांमध्ये एसएमपीएसचा आकार आणि मदरबोर्डचं कनेक्टर त्यांचं स्वतःचं असतं. तो एक भाग मागवायला पंधरा दिवस जातात. एटीएक्स मापाचा साधा एसएमपीएस असेल तर शेजारच्या सायबर कॅफेकडून उसना आणूनही रात्र काढता येते.

आता तुमचं काम. कोरलड्रॉ आणि जुनी पानजुळणीची सॉफ्टवेअरं बहुतेक काम एकाच कोरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर, करतात. दहा-बारा कोर घेतलेत तर बाकीचे नुसते बसून राहतील. एका कोरचा वेग चांगला हवा, आणि तो आजच्या कुठल्याही आय५ मध्ये किंवा रायझन ५ मध्ये तुमच्या आय३ पेक्षा कितीतरी जास्त आहे. फोटोशॉपला रॅम आणि वेगवान एसएसडी लागते. ग्राफिक्स कार्ड तुम्हाला अजिबात नको. ते नसलं की विजेचा भार कमी, उष्णता कमी आणि बिघडायला एक वस्तू कमी.

माझी शिफारस आय५-१२४००. नावापुढे एफ नसलेला घ्या. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. दोन-अडीच हजार वाचले म्हणून लोक एफवाला घेतात आणि मग मॉनिटर कुठे जोडायचा ते कळत नाही. १२४०० मध्ये सहा कोर आहेत आणि सहाही एकाच जातीचे, थोरले. याच पिढीच्या वरच्या मॉडेलांत थोरले-धाकटे असे दोन प्रकारचे कोर येतात आणि जुनं सॉफ्टवेअर कधीकधी चुकून धाकट्यावर जाऊन बसतं. इथे तो प्रश्नच उरत नाही. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू खराब होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सुधारित सॉफ्टवेअर, काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२ वी पिढी त्यात नाही.

मुख्य कारण मात्र रॅम. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. १२ व्या पिढीला डीडीआर४ चे बोर्डही मिळतात. रॅमचा बाजार सध्या काय झालाय ते बघताय ना? चिपवाल्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव दुप्पट-तिप्पट झालेत. तुमच्या हातात १६ जीबी डीडीआर४ आहे, ती आज पैशाच्या ठिकाणी आहे. ती वापरा.

म्हणजे आय५-१२४००, बी७६० चा डीडीआर४ बोर्ड. बोर्ड घेताना खोक्यावर 'डी४' किंवा 'डीडीआर४' असं छापलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या. एकाच नावाचे दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात आणि खाच वेगळी असल्यामुळे डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खोबणीत बसत नाही. चार खोबण्यांचा घ्या. एच६१० चा बोर्ड थोडा स्वस्त पडतो, पण त्याला दोनच खोबण्या. पुढे रॅम वाढवायची झाली तर आहे ती काढून टाकावी लागते.

प्रोसेसर बंद खोक्यातलाच घ्या, तीन वर्षांची वॉरंटी त्याच्यावर असते. 'ट्रे'चा म्हणून पिशवीतला स्वस्त देतात, त्याला कंपनी तुम्हाला थेट दारात उभी करत नाही.

बाकीचं उद्या लिहितो. एसएमपीएसवर वेगळं लिहायला हवं.

सहा_कोर

काका, रॅमचं माझ्या लक्षातच आलं नाही. ताई, रॅम हातात असताना काकांचं बरोबर आहे. पण नव्याने सगळंच घेणारा कुणी हा धागा वाचत असेल तर त्याने एएम५ चा विचार जरूर करावा, ते मत माझं कायम आहे.

ग्रँटरोडकर

कायम ठेव, चुकीचं नाही ते. पण ताईंनी मागचं मशीन आठ वर्षं वापरलं आणि त्यात एकदाही प्रोसेसर बदलला नाही. आमच्याकडच्या शंभरातल्या नव्वदांचं तसंच असायचं. पुढे बदलीन म्हणून सॉकेटला जास्त मोजतात आणि पुढे येते तेव्हा बोर्डासकट सगळंच बदलतात.

न्यूजर्सीकर, तुमचा भाव पोचला. पण तिकडच्या वस्तूची वॉरंटी बहुतेक वेळा तिकडेच चालते. एसएसडी सहा महिन्यांनी गेली तर ताईंनी ती पुन्हा न्यूजर्सीला पाठवायची का? आणायचाच तर एक चांगला चुंबकाच्या टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणा.

न्यूजर्सीकर

आणतो. नक्की.

पानजुळणी

ग्रँटरोडकर काका, तुमचं वाचून वडिलांची आठवण झाली. जास्तीचे खिळे नेहमी दोन घरं भरून ठेवायचे ते. 'अ' मोडला तर पान अडता कामा नये म्हणायचे.

एक विचारायचं राहिलं. जुनं मशीन चालू असायचं तेव्हा कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. कधी जास्त, कधी कमी. सवय झाली होती. याचा काही संबंध आहे का?

तिसरी_पिन

ताई, संबंध आहे आणि मी तर म्हणेन पहिला भाग हाच घ्या. प्रोसेसर नंतर.

मालवणात वायरिंगचं काम करतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारी जाळी असते. तिच्यात दोन छोटे कपॅसिटर फेजपासून आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारी अगदी बारीक वीज तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसलं की तिला वाट उरत नाही. मग पत्रा २३० च्या साधारण निम्म्यावर लटकत राहतो आणि तुमचा हात लागला की ती वीज तुमच्यातून वाट काढते. करंट फार थोडा म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण झिणझिण्या येतायत याचा सरळ अर्थ एवढाच की तुमच्या दुकानाचं अर्थिंग तुटलंय, सुटलंय, किंवा स्विचबोर्डापर्यंत आलेलंच नाही. वॉशिंग मशीन असो की कॉम्प्युटर, उद्या खरोखर फेज पत्र्याला लागला तर फ्यूज उडायला तीच एक वाट असते. स्पाइक गार्डही अर्थिंगशिवाय अर्धं काम करतो.

ओळखीच्या वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरवर तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे हवेत आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. आकडे इथे टाका. स्वतः उघड्या सॉकेटमध्ये पिना घालत बसू नका.

ग्रँटरोडकर

तिसरी_पिन यांनी माझं अर्धं काम केलं. आता एसएमपीएस.

तुमचा जो गेला तो कॅबिनेटसोबत फुकट आलेला असणार. बाहेर '५०० वॅट' असं मोठं स्टिकर आणि हातात घेतला तर पाकिटासारखा हलका. चांगला एसएमपीएस मरतो तेव्हा एकटा मरतो. आत जास्त व्होल्टेज आणि शॉर्टपासूनची संरक्षणं असतात, ती बोर्डाकडे काही जाऊ देत नाहीत. तुमच्या बोर्डाच्या मरणात लाइटचा वाटा होता तेवढाच त्या एसएमपीएसचाही होता.

८० प्लस ब्रॉन्झची खूण बघतात लोक. ती बघा, पण ती फक्त कार्यक्षमतेची खूण आहे. निम्म्या भारावर शंभरातली साधारण ८५ वॅट पुढे पोचतात एवढंच ती सांगते. आतलं संरक्षण कसं आहे ते सांगत नाही. ते ओळखायची माझी रीत म्हणजे वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघणं. पाच वर्षं देणारा बनवणारा आतले कपॅसिटर बरे घालतो, नाहीतर त्यालाच भुर्दंड पडतो. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो. बाकी सगळं धरून तुमचं मशीन दोनशेच्या आतच राहील. ४५० किंवा ५५० वॅटचा, पाच वर्षं वॉरंटीचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. जुना दुरुस्त करून लावू नका, वायरी दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरेल. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॅट देतो. मशीन आणि मॉनिटर त्याच्यावर. लेझर प्रिंटर त्याच्यावर चुकूनही लावू नका. त्यातला टोनर वितळवणारा हीटर तापताना एकदम ओढतो आणि यूपीएस धाडकन बसतो. डीटीपीच्या दुकानात यूपीएस मरायचं पहिलं कारण मी हेच पाहिलंय.

घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं कुणी म्हणेल. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरला बदल करायला जो वेळ लागतो तो साध्या मोडवर बराच असतो. एसएमपीएस मात्र आतल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरेल एवढीच अपेक्षा मानकाला असते. विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत खेळ संपतो.

नवा एसएमपीएस आणि यूपीएस एकमेकांना मानतात का तेही पाहून घ्या. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना विजेची लाट पायऱ्यापायऱ्यांची देतो आणि काही एसएमपीएसना ती पचत नाही. बिनमहत्त्वाची फाइल उघडून ठेवा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. मशीन चालू राहिलं तर पास. हे दुकानातून घरी आणल्या दिवशीच करा म्हणजे बदलून घेता येतं.

वर्ध्याचं_ऊन

कॅबिनेटबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून मी. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. खोलीतच ४० असेल तर आतली हवा त्याहून थंड होणार नाही, पंखे कितीही लावा. म्हणून पुढून जाळीचं कॅबिनेट घ्या. काचेच्या तोंडाची दिसतात छान, पण श्वास कुठून घेणार? पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. ओढणारे जास्त असले की आतला दाब वाढतो आणि धूळ फटींतून न शिरता जाळीवरच अडते. जाळी काढून धुता येते का ते दुकानातच काढून बघा. तुमच्याकडे उसाचा पट्टा आहे. तोडणीनंतर पाचट पेटवतात तेव्हा काळी काजळी किती उडते ते मी सांगलीला नोकरीत असताना पाहिलंय. ती बोर्डावर बसली आणि पावसाळ्यात ओल धरली की वीज नको तिथून वाट काढते.

आणखी एक. मागे कार्डांसाठीच्या ज्या लोखंडी पट्ट्या असतात त्या सगळ्या लावलेल्या असू द्या. माझ्या पहिल्या मशीनची एक पट्टी उघडी होती. हिवाळ्यात ऊब बघून पाल आत गेली. सकाळी चालू केलं आणि दोघंही संपले.

शुद्धलेखन_वही

मी ठाण्यात मुद्रितशोधनाचं काम करते. ताई, मॉनिटरला हात आखडू नका, बाकी सगळं नंतर बदलता येईल, डोळे बदलता येत नाहीत.

२४ इंची साध्या फुल एचडीवर इंचाला ९२ ठिपके येतात. २७ इंची २५६० बाय १४४० वर १०९. हा फरक इंग्रजी वाचणाऱ्याला फारसा जाणवत नाही. आपल्याला जाणवतो, कारण आपलं अक्षर वर-खाली वाढतं. आठ पॉइंटात पंचांगाची किंवा ताळेबंदाच्या टिपांची पानं वाचताना 'वर्ष'चा रफार आणि वेलांटीवरचा अनुस्वार एकमेकांत मिसळतात. 'तऱ्हा'तला चंद्रकोरीसारखा अर्धा र तर ९२ वर नुसता डाग दिसतो. मोठं करून बघता येतं, पण पूर्ण पान डोळ्यांसमोर ठेवून वाचताना जी चूक सापडते ती मोठं केल्यावर निसटते. २७ इंचावर ए४ ची दोन पानं शेजारी शेजारी मावतात, अंकाच्या जोडपानाला तेच हवं.

मॉनिटरचं पॅनल आयपीएस प्रकारचं घ्या. बाजूने बघितलं तरी रंग बदलत नाही. लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक तुमच्या खांद्यामागे उभं राहूनच रंग ठरवतं. १०० टक्के एसआरजीबी (रंगांचा ठरलेला पल्ला) असं लिहिलेलं असावं. गेमवाल्यांचा १६५ हर्ट्झचा आकडा तुमच्या कामाचा नाही, त्याचे पैसे देऊ नका. उंची कमीजास्त करता येणारा स्टँड मात्र घ्याच, मानेसाठी.

ग्रँटरोडकर

याच्यापुढे मी काय बोलणार. १२४०० च्या आतल्या ग्राफिक्सवर १४४० सहज चालतं. बोर्डाला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे याची खात्री करा.

एसएसडी १ टीबीची, जोडणी एनव्हीएमई आणि आतल्या चिपा टीएलसी प्रकारच्या. क्यूएलसी थोडी स्वस्त असते, पण मोठी फाइल लिहीत गेलं की मध्येच पाय ओढते. सेकंदाला ७००० एमबीचा वेग म्हणून जी महाग विकतात ती तुम्हाला नको. जुन्या साटा जोडणीची मर्यादा साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमईतली साधीही तीन हजारांच्या पुढे जाते. तुम्हाला फरक इथेच कळेल, त्याच्या पुढे नाही.

पानजुळणी

आज वायरमन येऊन गेला. फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ १२१, न्यूट्रल-अर्थ १०८. तिसरी_पिन दादा, तुम्ही म्हणालात तसंच निम्म्यावर लटकलंय. मीटरपाशी अर्थची वायर गंजून सुटलेली निघाली. नवा खड्डा घेऊन पाइप पुरायला दोन दिवस लागतील म्हणतो.

विंडोजचंही बघितलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा सातव्या पिढीचा आय३ असाही ११ ला चालला नसता. फाँटवाल्यांना फोन केला, डोंगलचा ११ वर चालणारा ड्रायव्हर त्यांनी मेल केलाय.

भाग कोल्हापूर आणि ऑनलाइन मिळून घेतले. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरावर, अनुक्रमांकांसकट. मॉनिटर, प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, यूपीएस सगळं मिळून बजेटच्या तीन हजार वर गेलं. एसएसडी महागली आहे त्यामुळे. रविवारी जुळवायला बसते.

सहा_कोर

ताई, मी रविवारी ऑनलाइन आहे. तीन गोष्टी आधीच सांगतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकण्याआधी खोक्यावरच ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी बसवा. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं प्रोसेसरचं आठ पिनांचं कनेक्टर विसरू नका, २४ पिनांचं मोठं सगळ्यांना आठवतं आणि हे राहतं. मग पंखे फिरतात पण पडदा काळा.

आणि कूलरच्या चार खिट्ट्या कोपऱ्याच्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. चारही टोकं बोर्डाच्या मागून आरपार आलेली दिसायला हवीत.

पानजुळणी

रविवार, रात्रीचे साडेदहा. दुपारी तीनला बसले. सॉकेटचं झाकण आणि त्या बारीक पिना बघून हात थरथरला. प्रोसेसरच्या खाचा सॉकेटच्या खुणांवर आणल्या आणि सोडला, आपोआप बसला. दाबावं लागलं नाही. दांडी खाली करताना मात्र करकर आवाज आला, जीव घशात आला होता. सहा_कोर म्हणाला तो आवाज असतोच.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पडद्यावर चित्र आलं. बायोसमध्ये प्रोसेसर ३१ अंशांवर. काय सांगू.

विंडोज बसवताना मात्र दोनदा निळा पडदा. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावली. वीस मिनिटांनी लाल ओळी यायला लागल्या.

ग्रँटरोडकर

एक पट्टी काढा, एकेकीची वेगळी परीक्षा घ्या, एकाच खोबणीत. त्या झटक्यात एखादी गेली असणार. घाई नको. चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या, रात्रभर लागली तरी चालेल.

पानजुळणी

सकाळ. एक पट्टी स्वच्छ, चार फेऱ्यांत शून्य चूक. दुसरी पाचव्या मिनिटाला लाल. म्हणजे आता ८ जीबीवर आहे. विंडोज बसलं, डोंगल ओळखला, कोरलड्रॉ पूर्वीच्या मानाने पटकन उघडतं. फोटोशॉपमध्ये मोठा बॅनर घेतला की मात्र धापा टाकतं. नवीन पट्टीचा भाव विचारला आणि गप्प बसले.

वर्ध्याचं_ऊन

ताई, जुनी वापरलेली ८ जीबी डीडीआर४ घ्या. ऑफिसांची जुनी मशीनं निघतायत विंडोज १० मुळे, दुरुस्तीवाल्यांकडे असतात. घेण्याआधी परीक्षेची अट घाला.

चिकोडी_नाका

मी नुसता वाचक आहे, निपाणीचा. माझ्याकडे ८ जीबी डीडीआर४ २६६६ ची पट्टी पडून आहे, लॅपटॉपची नव्हे, लांब पट्टी, डेस्कटॉपची. मला उपयोग नाही. कराडच्या एसटीने पार्सल टाकू का? पैसे नकोत. बहिणीची पत्रिका वैशाखात करायची आहे, तेव्हा चुकतं करा.

पानजुळणी

दादा, काय बोलू. पत्रिका तर करतेच, मजकूरही शुद्धलेखन_वही ताईंना दाखवून घेऊ. पार्सलवर नाव 'पानजुळणी, बसस्थानक पार्सल खिडकी' एवढं घाला, मी जाऊन घेते.

ग्रँटरोडकर

वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही हळूवालीच्या वेगाने चालतात, त्यात काही बिघडत नाही. दोन्ही लावून पुन्हा चार फेऱ्या.

आणि आता मशीन नीट चाललं की लगेच, आजच्या आज, त्या वाचलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर एसएसडीची हुबेहूब प्रत काढा. आधी तिच्यातला जुना सगळा डेटा दुसरीकडे दोन ठिकाणी ठेवून, मगच. प्रत काढलेली डिस्क मशीनला लावून ठेवू नका, सुटी करून कपाटात. एसएसडी ऐन सीझनला गेली तर ती जोडायची, हळू चालेल पण पान निघेल. एक जादा एसएमपीएसही सवडीने घेऊन ठेवा.

पानजुळणी

काल संध्याकाळी पार्सल मिळालं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत पट्टी आणि वरून हळदीकुंकवाची पुडी. रात्रभर मेमटेस्ट, दोन्ही पट्ट्या, चार फेऱ्या, शून्य. १६ जीबी झाली. यूपीएसची परीक्षा दोनदा घेतली, बटण बंद केलं, मशीन हललंसुद्धा नाही. प्रिंटर वेगळ्या सॉकेटवर. डिस्कची प्रत काढून वडिलांच्या खिळ्यांच्या केसच्या खालच्या खणात ठेवली आहे.

आज सकाळी पहिली पत्रिका छपाईला गेली.

तिसरी_पिन

ताई, सगळं छान झालं. पण नव्या पाइपनंतरचे आकडे टाकले नाहीत तुम्ही.

पानजुळणी

राहिलंच. फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ १.४. कॅबिनेटवर पूर्ण तळहात ठेवून बघितला, काही नाही.